बागेत आणि गावाकडच्या रस्त्यांवर कोणते वन्यजीव सहज दिसतात? दिसले तर काय करावं?

बागेत खार, सरडा, मुंगूस, दयाळ, भारद्वाज. रस्त्यावर बेडूक, साप आणि रात्री रातवा हा पक्षी. पण तुम्ही ‘काय करावं’ असं विचारलंत, म्हणून मला धामणीबद्दल लिहायचंय.

बारा वर्षं झाली. भर दुपारी आमच्या बागेत दोन साप एकमेकांना पीळ घालून गुडघ्याच्याही वर उभे राहिले होते. एकाचं डोकं दुसऱ्याचं डोकं खाली रेटत होतं. दादा ओरडला, “नाग-धामणीची जोडी लागलीय!” आजूबाजूचे जमले. मी म्हणत होते, “दादा, फणा कुठेय? आणि दोघांच्याही ओठांवर काळ्या उभ्या रेघा बघ, त्या धामणीच्या असतात.” तो म्हणाला, “तू पुस्तकातलं नको सांगूस.” तेवढ्यात कुणीतरी काठी घातली. एक धामण मेली, दुसरी कुंपणापलीकडे पळाली.

मेलेल्या सापाच्या शेपटीच्या मुळाशी दोन मांसल कोंभ बाहेर आले होते. दादा म्हणाला, “हे बघ, पाय!” ते पाय नव्हते. नर सापाचं जननेंद्रिय दुहेरी असतं आणि मार लागला की ते बाहेर येतं. म्हणजे मेला तो नर होता. असे उभे राहून पीळ घालतात तेही नरच. ती मादीसाठीची कुस्ती असते. एकमेकांना चावत नाहीत, नुसते रेटतात. हरलेला निघून जातो. मिलन होतं ते जमिनीलगत, शांतपणे. नाग आणि धामण या वेगळ्या जाती आहेत, त्यांची जोडी लागत नाही.

धामण बिनविषारी आहे. दिवसा फिरते, झाडावर चढते, उंदरांच्या बिळात शिरून उंदीर खाते. तिला मारून वर उंदरांची तक्रार करणाऱ्यांचा मला राग येतो. सरड्याचंही तेच. विणीच्या काळात नराचा गळा लाल होतो, तर म्हणे तो लांबून रक्त शोषतो. तो मुख्यतः किडे खातो, रक्त शोषत नाही.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. ऊन उतरल्यावरही डांबर बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून साप ऊब घ्यायला त्यावर येतात. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक रस्ता ओलांडतात. दिव्याच्या झोतात जमिनीलगत लाल ठिणगी चमकली तर तो बहुधा रातवा असतो. गाडी अगदी जवळ येईपर्यंत तो उठत नाही. तेव्हा वेग कमी करा. ज्याला एवढंही जमत नाही त्याने रात्री त्या रस्त्याने जाऊ नये.

हो, एक राहिलं. बागेत घोणस आणि नागही येतात, आणि धामणही अडवली तर कडकडून चावते. ओळख पटली नसेल तर दोन-तीन पावलं नाही, चांगलं लांब व्हा, मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्या, सापाला जायला वाट मोकळी ठेवा. जात नसेल तर सर्पमित्राला बोलवा. फोटो लांबूनच काढा.

आणि घरातलं कुणी मोठं माणूस काठी शोधायला निघालं तर वयाकडे बघून गप्प बसू नका. मी एकदा बोलले आणि गप्प बसले. दादा अजूनही म्हणतो की ती नाग-धामणच होती. दादा, तू हे वाचत असशील तर ऐक, त्या दोन्ही धामणीच होत्या, आणि दोन्ही नर होते.