नवं सॉफ्टवेअर आणि जुने कॅप्टन

तुमच्या महाबळेश्वरच्या ४२ खोल्यांच्या हॉटेलात टॅबवर केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, सुरू झाली आणि महिन्याभरात टेबलांवर ऑर्डर घेणारे दोन जुने कॅप्टन सोडून गेले. "त्यांना कॉम्प्युटर जमत नाही," असं तुम्ही लिहिलंय. मला नाही पटत. हीच माणसं दर महिन्याला मोबाइलवरून घरी पैसे पाठवतात.

फ्रंट ऑफिस आणि ऑपरेशन्समध्ये माझी बावीस वर्षं गेली. त्यांचं नेमकं काय गेलं ते बघा. हातानं लिहिलेल्या केओटीवर कॅप्टन कोपऱ्यात 'सात नंबर, जैन, लवकर' असं खरडायचा आणि शेफ त्याच्या शब्दाखातर ती प्लेट आधी काढायचा. टॅबवर सगळी टेबलं सारखीच. शिवाय गेस्टसमोर मान खाली घालून बोटं चालवायची. दरवर्षी येणाऱ्या कुटुंबाशी दोन शब्द बोलणं राहिलं, टिप आटली. पगार तोच, पण वट आणि वरकमाई गेली. दोन तासांच्या ट्रेनिंगनं ती परत येत नाही.

चूक मीही केलीय. एका हॉटेलात नवं सॉफ्टवेअर आलं त्या पहिल्याच दिवशी जुनी रजिस्टरं कपाटात टाकायला लावली. त्या रात्री नाइट ऑडिट, म्हणजे दिवसभराचा हिशेब, बसेना, तीन खोल्यांचं भाडं दोनदा चढलेलं, पहाटे चारला मालकांचा फोन. वाचवलं ते हाउसकीपिंगच्या एका मावशींच्या वहीनं. कुठली खोली कधी रिकामी झाली, ते त्या स्वतःपुरतं लिहून ठेवायच्या. तेव्हापासून मी दोन आठवडे वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवतो आणि सकाळच्या ब्रीफिंगला आकडे ताडून बघतो. त्याहून जास्त नको, मग वही सुटत नाही.

दिवाळीच्या तोंडावर सुरू करायला नको होतं. तुमच्याकडे पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा निवांत झालं असतं. जाता जाता एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, गेलं. त्या खोल्यांपुरता सॉफ्टवेअरच्या बिलावरचा कर आता वळता होणार नाही, तो खर्चात धरा.

आता राहिलेल्या कॅप्टनना टॅबवरचा मेनू लावायला बसवा. कुठलं बटण वर हवं, 'जैन' आणि 'कमी तिखट' कुठे हवं, हे त्यांनाच ठरवू द्या. गेलेल्यांपैकी एकाच्या घरी चहाला जा. परत ये म्हणायला नाही, काय अडलं ते विचारायला. मॅनेजरला पाठवू नका.