खरी गोष्ट की लोणकढी थाप?

प्रश्न : आमचे कुटुंब आता कोल्हापूर, इचलकरंजी आणि पुणे येथे विखुरले असले, तरी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही सगळे मंगळवार पेठेतील मूळ घरी जमतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण झाल्यावर गोष्टी सांगण्याची स्पर्धा असते. मात्र दोन काका अर्धा-अर्धा तास बोलतात, मुले मोबाइलमध्ये डोके घालतात, सुना गप्प बसतात आणि बक्षिसावरून रुसवेफुगवे होतात. ही स्पर्धा बंदच करावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपया बंद करू नका, फक्त खेळाचा नियम बदला. उत्तम गोष्टीला बक्षीस ठेवले, की ज्याला बोलण्याची सवय आहे तोच पुढे राहतो आणि बाकीच्यांना ऐकण्यापलीकडे काही काम उरत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन मिनिटांत एक तर घडलेली हकिकत सांगावी किंवा रचलेली थाप मारावी, श्रोत्यांनी हात वर करून ‘खरी’ की ‘थाप’ असा कौल द्यावा आणि जितके जण फसतील तितके गुण सांगणाऱ्याला मिळावेत. वेळ संपताच परात वाजवावी. कौल द्यायचा म्हटल्यावर ऐकावेच लागते, त्यामुळे मोबाइल आपोआप बाजूला पडतात. आणि लांबण लावणारा स्वतःच्याच तपशिलात अडकून पकडला जात असल्याने काकांनाही आवरते घ्यावे लागेल.

या खेळाला कोल्हापूरइतके सोयीचे गाव नाही, असे मला मनापासून वाटते, कारण येथील कितीतरी खऱ्या गोष्टीच थापेसारख्या वाटतात. कोल्हापूर संस्थानात माणसाळवलेले चित्ते काळविटांच्या शिकारीसाठी वापरले जात, हे पुण्यात वाढलेल्या नातवाला सांगून पाहा; तो हमखास ‘थाप!’ म्हणून ओरडेल. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोममधले कलोसियम पाहिले आणि पुढे १९१२ मध्ये कुस्त्यांसाठी खासबाग मैदान उभे राहिले, हेही अनेक मुलांना खरे वाटणार नाही.

थाप पचते ती मात्र बारीक तपशिलामुळे. ‘आजोबांनी रंकाळ्यात मोठा मासा पकडला’ यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण शालिनी पॅलेसच्या बाजूने चालताना आजोबांच्या नव्या, करकर वाजणाऱ्या चपलेचा अंगठा तुटला, ते वैतागून खाली वाकले आणि तेवढ्यात खिशातला चष्मा पाण्यात पडला, असे सांगितले, तर पुढे तोच चष्मा माशाच्या पोटात सापडल्याचे ऐकतानाही दोन-चार जण तरी चुळबुळतील. मुलांना आदल्या रात्री एवढे शिकवा. बाकीचे त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते.

सुनांचे म्हणाल, तर या खेळात त्यांचेच पारडे जड आहे. माहेरची गोष्ट खरी की खोटी, हे सासरी पडताळणार कोण? नवऱ्याने मात्र त्या फेरीत कौल देऊ नये. एक पथ्य सर्वांनी कटाक्षाने पाळावे : घरातल्या कोणाचे दिसणे, लग्न, नोकरी किंवा कर्ज यावर गोष्ट रचायची नाही. असली एक थाप वर्षभराचा अबोला धरायला पुरते.

आजींना स्पर्धेत ओढू नका आणि त्यांच्यापुढे परात तर मुळीच वाजवू नका. त्यांच्या आटपाट नगराच्या कहाण्या, तसेच पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या आठवणी खेळ संपल्यावर निवांत ऐकाव्यात. ज्या घरांत पाणी शिरले, त्यांच्यासाठी तो कौल देण्याचा विषय नाही. त्या वेळी एखाद्या नातवाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि सुरुवातीलाच आजींचे नाव, गाव व तारीख बोलून ठेवावी, म्हणजे पुढे कोण बोलत आहे हे शोधत बसावे लागणार नाही.

बक्षीस म्हणून गुळाची ढेप द्यावी आणि विजेत्याने ती तिथेच फोडून सर्वांना वाटावी. मान म्हणून त्याला किंवा तिला फेटा बांधावा. दोन्ही काकांना आधीच विश्वासात घ्या आणि पहिली थाप मारण्याचा मान त्यांनाच द्या.