दुपारी दाणा नको, भट्टीही नको

उन्हाळ्यातल्या कोंबड्या आणि घरची रंगाई: वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

प्रश्न: आमच्याकडे वीस कोंबड्या आहेत. ऊन वाढल्यापासून दुपारी त्या चोच उघडी टाकून धापा टाकतात, पंख अंगापासून दूर धरतात. अंडी कमी झाली, आणि मिळतात त्यांचं कवच उचलतानाच पिचतं. खाद्यात शिंपल्याचा चुरा मिसळतो, तरी फरक नाही.

उत्तर: चुऱ्याला बोल लावू नका, खरं कारण धाप आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. एकेचाळीस-बेचाळीस अंशांचं अंग आणखी तापू नये म्हणून ती धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं आणि त्यातलं कार्बोनेट याच वायूपासून बनतं, त्यामुळे कॅल्शियम असूनही कार्बोनेटची टंचाई होते. त्यातच उकाड्यात ती खाते कमी, म्हणजे खाद्यात मिसळलेला चुराही कमीच पोटात जातो.

म्हणून चुरा खाद्यात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा; जिला हवा ती खाईल. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण ४ ग्रॅम कॅल्शियम लागतं. चुरा पिठासारखा नको, २ ते ४ मिलिमीटरचे खडे हवेत. कवचाचं काम मुख्यतः रात्री चालतं. पीठ तोवर निघून जातं, खडा मात्र पेषणीत (दाणा दळणाऱ्या जठरात) अडकून हळूहळू विरघळत राहतो. त्यामुळे संध्याकाळी ते भांडं भरलेलं असायलाच हवं.

दाणा उजाडताच द्या, दहाच्या सुमारास उचला आणि ऊन कलल्यावर पुन्हा ठेवा. खाल्ल्यानंतर काही तासांनी पचनाची उष्णता वाढते, ती नेमकी दोनच्या उन्हात यायला नको. दया येऊन दुपारी मूठभर मका टाकणारे पुष्कळ असतात. ती दया कोंबडीला महागात पडते.

वीस कोंबड्यांना एरवी ४-५ लिटर पाणी पुरतं, कडक उन्हात १० लिटर धरा. एका मोठ्या भांड्यापेक्षा सावलीत चार ठिकाणी चार भांडी ठेवा, म्हणजे दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना हुसकावणार नाहीत. तापलेलं पाणी त्या पीत नाहीत, म्हणून बारा आणि तीन वाजता ते बदला. नळी उन्हात पडली असेल तर आधी तिच्यातलं गरम पाणी सोडून द्या. अगदी तापलेल्या दिवशी दुपारच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम खाण्याचा सोडा घालता येईल. संध्याकाळी पुन्हा साधं पाणी.

हवा कोरडी असेल तर वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. दमट हवेत मात्र पाणी शिंपडू नका. धाप थंडावा देते ती बाष्पीभवनामुळे, आणि ओल्या हवेत तेच अडतं. एखादी मान टाकून पडली तर तिला मानेपर्यंत साध्या गार पाण्यात बुडवा. पाणी बर्फाचं नको, आणि तिच्या घशात ओतूही नका. चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा.

प्रश्न: हिरडा आणि तुरटी लावून झेंडूत सुती कापड रंगवलं. रंग आला, पण घडीच्या जागी गडद पट्टे आणि मध्ये नाण्याएवढे करडे डाग.

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत. करडे डाग लोखंडाचे. हिरड्याचं लोखंडाशी लागलीच जमतं आणि काळा-करडा रंग उमटतो. बादलीची गंजकी कडी किंवा पातेल्याचा उडालेला मुलामा एवढ्यालाही पुरतो. स्टीलचं भांडं वापरा. हे डाग सहजी निघत नाहीत. सगळं कापडच हिराकसाच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) अगदी पातळ पाण्यातून काढून करडं-हिरवं करून घेणं हाच व्यवहारी मार्ग.

पट्टे उन्हाने पाडले. ओलं कापड दोरीवर टाकलं की जी जागा आधी वाळते तिकडे आतलं पाणी ओढलं जातं आणि त्याबरोबर हिरडा, तुरटीही. दोरीखालची घडी, खालची कड गडद होते. हिवाळ्यात हे फारसं जाणवत नाही, उन्हाळ्यात अर्ध्या तासात होतं. कापड सावलीत सपाट पसरा, दहा-दहा मिनिटांनी उलटा.

अर्धा किलो कापडाचा हिशेब असा. १५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून १२-१५ लिटर पाण्यात तासभर उकळा. मग पाण्याचा थेंब टाकून पाहा: कापडावर मोत्यासारखा बसला तर खळ-मेण अजून आहे, लगेच शोषला तर पुढे जा. ७५ ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून गाळा, त्यात कापड रात्रभर भिजवा, पिळा, न धुता वाळवा. मग ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, कोमट झाल्यावर कापड दोन-तीन तास हलवत ठेवा. झेंडूच्या ताज्या पाकळ्या एक किलो, वाळलेल्या असतील तर पाव किलो. पाऊण तास शिजवून गाळा, कापड ओलं करूनच आत सोडा, ८० अंशांच्या आसपास तासभर. कापड पातेल्यात मोकळं फिरलं पाहिजे. कोंबलं की पुन्हा चट्टे.

प्रश्न: शिजवलेल्या पाकळ्यांचा चोथा कोंबड्यांना घातला तर?

उत्तर: तुरटी पातेल्यातच टाकली असेल तर अजिबात नाही. ॲल्युमिनियम आतड्यात फॉस्फरस बांधून ठेवतं आणि अंडी घटतात. हिराकस, चुना यांचं पाणीही त्यांच्या वाटेत सांडू नका. तहानलेली कोंबडी कुठल्याही डबक्यात चोच घालते. तुरटी वेगळी दिली असेल तर चोथा मूठ-दोन मूठ चालेल, तोही त्याच दिवशी, आंबायच्या आत. बलक पिवळा करणारं द्रव्य पाण्यात उतरत नाही, पाकळीतच राहतं. कापडावर चढतो तो दुसराच रंग. कांद्याच्या सालींचा चोथा खतात.

प्रश्न: मंजिष्ठेचा लाल रंग विटकरी-तपकिरी येतो.

उत्तर: आच जास्त झाली. ७० अंशांच्या वर मंजिष्ठेच्या मुळ्यांतले तपकिरी रंग सुटतात. थर्मामीटर नसेल तर पाण्यात बोट टिकत नाही पण बुडबुडे अजून नाहीत, तिथेच थांबा. पाणी फार मृदू असेल तर अंड्याची धुऊन वाळवलेली कवचं कुटून चमचाभर पुरचुंडीत बांधून सोडा; मंजिष्ठेला चुना मानवतो.

प्रश्न: रंगाची चूल खुराड्याच्या भिंतीला लागून आहे. हलवायला हवी का?

उत्तर: हो. आच आणि धूर दोन्ही धाप वाढवतात. वारा जिकडे जातो त्या बाजूला, किमान पंधरा-वीस पावलं दूर न्या. पहाटे पेटवा, नऊपर्यंत विझवा, झाकण ठेवा आणि कापड संध्याकाळपर्यंत त्याच पाण्यात निवू द्या. त्या थंड होण्यातही रंग चढतच असतो.