‘टाइद’ म्हणजे दान नव्हे

इंग्रजी कादंबऱ्यांत भेटणाऱ्या ‘टाइद’ या शब्दाला मराठीत ‘धर्मादाय’ म्हणावे का, ‘रेक्टर’ आणि ‘व्हिकर’ हे दोघेही गावचे पाद्रीच असतील तर शब्द दोन कशाला, आणि ‘स्कॉट-फ्री’चा स्कॉटलंडशी काही संबंध आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘धर्मादाय’ म्हणू नये, असे माझे मत आहे. कारण धर्मादायात देणाऱ्याची इच्छा गृहीत असते, तर टाइद थकवणाऱ्यावर दावा लावता येत असे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘दहावा’ एवढाच होता, आणि दर दहावी पेंढी, दहावे कोकरू चर्चच्या हक्काचे मानले जाई. मराठी ख्रिस्ती मंडळींत रूढ असलेला ‘दशमांश’ हा शब्द म्हणूनच नेमका वाटतो. (अपूर्णांकावरून वसुलीला नाव पडणे आपल्यालाही नवे नाही, ‘चौथाई’ तशीच पडली, मात्र जिचा दर खरोखर दहा टक्के होता त्या सरदेशमुखीच्या नावात दहाचा मागमूसही नाही.)

रेक्टर आणि व्हिकर यांतला भेद या दशमांशाच्या वाटणीतून आला आहे. धान्य, गवत आणि लाकूड यांचा तो ‘थोरला’ दशमांश, आणि कोकरे, लोकर, भाजीपाला यांसारख्या किरकोळ उत्पन्नाचा ‘धाकटा’. संपूर्ण दशमांशाचा हक्कदार तो रेक्टर. पुष्कळ गावांत हा हक्क एखाद्या मठाकडे गेला, तेव्हा मठाने थोरला वाटा सहसा स्वतःकडे ठेवला आणि गावची उपासना चालवण्यासाठी बदली पाद्री नेमून त्याला धाकटा वाटा दिला. तो व्हिकर, ज्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘बदली’ असा आहे. पुढे 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले आणि थोरला दशमांश जमिनींबरोबर अनेक ठिकाणी संसारी जमीनदारांच्या हाती पडला, त्यामुळे कधी प्रवचनाला उभे न राहिलेले लोकही ‘रेक्टर’ ठरले! 1836 च्या कायद्याने धान्यरूपी वसुलीच्या जागी रोख आकारणी आणली, आणि तिची रक्कम गहू, जव व ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर ठरू लागली.

‘स्कॉट’चा स्कॉटलंडशी काहीही संबंध नाही. त्याचा अर्थ देणे किंवा पट्टी. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला भरायची ‘चर्च-स्कॉट’ ही त्यातलीच. त्यामुळे ‘स्कॉट-फ्री’साठी ‘सहीसलामत सुटणे’ चालत असले, तरी ‘फुकटात सुटणे’ मुळाच्या अधिक जवळ जाते.