वाचकांचे प्रश्न : सेन्सर साइटवर, पीएलसी टेबलावर

प्रश्न : दादा, मी वाळूज एमआयडीसीत पॅनलच्या एका छोट्या वर्कशॉपात वायरमन आहे. गाळप सुरू व्हायच्या आधी लातूर-धाराशिवकडच्या साखर कारखान्यांचे पॅनल आमच्याकडून निघतात अन् दरवेळी तेच, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम चेक करायचा तर सेन्सर सगळे तिकडं अन् आम्ही इकडं. सध्या वायरचा तुकडा २४ व्होल्टला टेकवून टेकवून इनपुट द्यायलोय, परवा त्यातच सप्लाय शॉर्ट झाला अन् मालकाच्या शिव्या खाल्ल्या. हातात धरून नेता येईल असा टेस्ट बॉक्स बनतो का? १६ डिजिटल (नुसते ऑन-ऑफ) अन् एक ४ ते २० मिलिअँपचा ॲनालॉग (लेव्हलसारखं कमी-जास्त होणारं माप) एवढं बस.

उत्तर : बनतो की, एका रविवारात बनतो. शिव्यांचं मनावर घेऊ नका, त्या तुकड्यानं आमचेही हात पोळलेत.

डिजिटलचं काम सोपंय. २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्याच्यापुढं अर्ध्या अँपचा फ्यूज (१६ च्या १६ इनपुट एकदम ऑन केले तरी एकाला ६-७ मिलिअँप, सगळे मिळून सव्वाशेसुद्धा होत नाही, म्हणून मोठा फ्यूज टाकायचं कारणच नाही) अन् १६ टॉगल (खटक्याचे स्विच). पण सगळे टॉगल नका लावू, चार-पाच पुश बटण ठेवा, कारण प्रॉक्झिमिटीसमोरून (वस्तू जवळ आली की ऑन होणाऱ्या सेन्सरसमोरून) जॉब जातो तो क्षणभर जातो, टॉगल पाडायला विसरलं की प्रोग्रॅम अडकतो अन् आपण तासभर लॉजिक शोधत बसतो. अन् एक सांगतो, इमर्जन्सी अन् ओव्हरलोड हे एनसी (एरवी ऑनच, बिघडलं की ऑफ) असतात, तेवढे टॉगल ऑन करूनच सुरुवात करायची, नाहीतर मशीन चालूच होत नाही अन् प्रोग्रॅमरला फोन लावता.

पीएलसीचं इनपुट कार्ड पीएनपीचं आहे (प्लसनं ऑन होतं) का एनपीएनचं (झिरोनं ऑन होतं), ह्यावर लई जण अडकतात. एक डबल पोल चेंजओव्हर (दोन वायरींची एकदम अदलाबदल करणारा स्विच) टाका, टॉगलांच्या कॉमनला प्लस गेला की कार्डच्या कॉमनला झिरो, अन् उलटं केलं की उलटं. फक्त ॲनालॉगची वायर ह्या चेंजओव्हरच्या आधीहून घ्या, नाहीतर तिची पोलॅरिटी पण फिरल.

आता ४ ते २० मिलिअँप. ह्याला काही महागाचं लागत नाही. २४ व्होल्टच्या प्लसपासून मिलिअँपमीटर, ९१० ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर, ५ के चा (५००० ओहमचा) दहा फेऱ्यांचा वायरवाउंड पॉट (फिरवून ओहम बदलायचा रेझिस्टर), अन् मग ॲनालॉग कार्डचा प्लस, मायनस झिरोला. कार्डच्या आत २५० ओहम असतील तर पॉट एका टोकाला २०.७ अन् दुसऱ्या टोकाला ३.९ मिलिअँप देतो. तुमच्या कार्डात किती ओहम आहेत ते मॅन्युअलात बघून ९१० कमी-जास्त करा. पॉटच्या फेऱ्यांवर मात्र विश्वास नको, १२ मिलिअँप म्हणजे अर्धी रेंज पण ती पॉटच्या ८४० ओहमलाच येती, म्हणजे सगळी धावपळ एका टोकाला, म्हणून मीटर पाहिजेच. अन् कार्ड स्वतःच लूपला (ह्या सगळ्या जोडणीला) २४ व्होल्ट देत असेल तर बॉक्सचा सप्लाय लावायचाच नाही, मीटर, रेझिस्टर अन् पॉट एवढंच मधे घालायचं.

त्याच लूपमधे एक साधा स्विच घाला, वायर तुटल्याचं नाटक करायला. हा तर मी सगळ्यात आधी लावीन. सुरुवात शून्याऐवजी ४ वरून ठेवलीच यासाठी, की वायर तुटली तर शून्य येतं अन् कळतं. पण टेबलावर सगळे जण चांगलंच सिग्नल देऊन बघतात, बिघडलेलं कोणी देत नाही. मग हंगामात रात्री दोनला रस टाकीच्या लेव्हलची केबल उंदरानं कुरतडली की पीएलसीला वाटतं टाकी रिकामी आहे अन् पंप भरतच राहतो. स्विच पाडा, अलार्म येतो का बघा, नाही आला तर प्रोग्रॅम परत पाठवा.

साइटवर बॉक्स नेलात तर आधी आउटपुटचा २४ व्होल्ट काढायचा, तुम्ही टॉगल पाडता अन् तिकडं कॅरिअरवर (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर) कोणी हात घालून उभा असतो. अन् फील्डची वायर टर्मिनलमधून काढूनच बॉक्सची घाला, दोन्ही सोबत ठेवल्या तर बॉक्सचा करंट उलटा सेन्सरकडं जातो.

प्रश्न : जालन्याच्या रोलिंग मिलमधे गिअरबॉक्सला पीटी-१०० (टेंपरेचरप्रमाणं ओहम बदलणारा सेन्सर) आहे, त्याचं खोटं टेंपरेचर कसं द्यायचं?

उत्तर : रेझिस्टर लावून. १०० ओहम म्हणजे ० डिग्री, १२० लावला की साधारण ५१ ते ५२, १५० लावला की १३० च्या आसपास. तीन वायरचं कार्ड असेल तर रेझिस्टरच्या एका पायाला एक वायर अन् दुसऱ्या पायाला दोन. रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या, ५ टक्क्याचा १०० ओहमचा घेतला तर १२-१३ डिग्रीचा फरक तिथंच पडतो.