किल्डेरमधला ‘किल’ आणि आपला किल्ला

आयर्लंडच्या नकाशावर किल्डेर, किल्केनी, किलार्नी अशी नावं जागोजागी दिसतात. त्यावरून एका वाचकांनी विचारलं आहे की हा ‘किल’ आणि आपला ‘किल्ला’ मुळात एकच शब्द असतील का?

नाही. किल्ला आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला आणि त्याचं मूळ अरबी आहे. आयरिश ‘किल’ आला तो लॅटिन ‘केल्ला’वरून. केल्ला म्हणजे लहानशी खोली, कोठडी. एखादा साधू माळावर खोपटं बांधून राहायचा, पुढे त्याच्याभोवती चर्च, मठ, दफनभूमी उभी राहायची आणि सगळ्या जागेलाच ‘किल’ म्हणायला लागायचे. किल्केनी म्हणजे संत केनीचं चर्च. ‘आयरिशमध्ये हा शब्द लिहिताना रोमन सी (cill), मग इंग्रजीत के कुठून?’ असंही पुढे कुणी विचारेल. आयरिशमध्ये सीचा उच्चार कुठेही ‘क’च होतो, आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांनी तो कानाने टिपला.

किल्ल्याचा शोध घ्यायचाच असेल तर तो शेजारच्या इंग्लंडात लागतो. तिथल्या मँचेस्टर, लँकेस्टरमधलं ‘चेस्टर’, ‘केस्टर’ लॅटिन ‘कास्त्रा’वरून, म्हणजे सैन्याच्या छावणीवरून आलं. आयर्लंड मात्र रोमन साम्राज्यात कधी नव्हतं. तिथे लॅटिन शिरली ती पाचव्या शतकापासून ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या तोंडून. एकच भाषा, पण एका बेटावर तिने छावणी मागे ठेवली आणि दुसऱ्यावर साधूची खोली. गावांच्या नावांत इतिहास इतका स्वच्छ वाचता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता किल्डेर हे नाव पुरतं उलगडू. आयरिशमध्ये ते ‘किल दारा’, म्हणजे ओक वृक्षाचं चर्च. यातला ‘किल’ बाहेरून आलेला, पण ‘दारा’ अस्सल घरचा, आणि इथे आपला खरा संबंध लागतो. ओकला आयरिशमध्ये ‘दार’ म्हणतात (उच्चार थोडा ‘दॅर’कडे झुकणारा). संस्कृत ‘दारु’, म्हणजे लाकूड, याचा तो सख्खा भाऊबंद. आपल्या देवदारात आणि दारुहळदीत तो आजही आहे. प्यायची दारू वेगळी, ती फारसीतून आलेली आणि मुळात ‘औषध’ या अर्थाची.

हे चर्च संत ब्रिगिडचं. परंपरा तिचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा सांगते. ‘ब्रिगिड’ म्हणजे थोर, उन्नत. संस्कृत ‘बृहती’शी जुळणारं नाव. कोर्माकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या आयरिश शब्दकोशात याच नावाची एक देवी आहे, कवी जिची उपासना करत. संत आणि देवी यांची सरमिसळ किती झाली, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे.

सातव्या शतकात कोगितोसस नावाच्या साधूने तिचं चरित्र लिहिलं. त्यात किल्डेरच्या चर्चचं वर्णन आहे. स्त्रिया आणि पुरुष दोघांचाही मठ असल्यामुळे आत मधोमध आडभिंत, दोन्ही बाजूंना वेगळे दरवाजे, आणि वेदीच्या दोन अंगांना ब्रिगिड व बिशप कॉनलेथ यांच्या सोन्यारुप्याने मढवलेल्या समाध्या. ‘खोली’ या अर्थाचा शब्द एवढ्या मोठ्या वास्तूलाही बिनदिक्कत लागला होता.

बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या जेराल्डने तिथल्या अखंड अग्नीची नोंद केली. एकोणीस नन पाळीपाळीने रात्र जागवत. विसावी रात्र खुद्द ब्रिगिडची, तेव्हा लाकडं रचून अग्नी तिच्यावर सोपवून जायचं. भोवती कुंपण होतं आणि आत पुरुषाला मज्जाव. अग्नीला तोंडाने फुंकर घालायची नाही, भात्यानेच वारा घालायचा. पुढे विझलेली ही ज्योत १९९३ मध्ये ब्रिगिडाइन ननांनी किल्डेरच्या चौकात पुन्हा पेटवली. ब्रिगिडचा दिवस १ फेब्रुवारी. लोक लव्हाळ्याच्या पात्यांचे क्रूस विणतात. २०२३ पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टीही मिळते.

याच शब्दाचं एक लघुरूप आहे, ‘किलीन’, लहानसं चर्च. त्याला नंतर दुसराच अर्थ चिकटला. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पवित्र दफनभूमीत जागा नसे, म्हणून त्यांना गावाबाहेर, बऱ्याचदा ओस पडलेल्या जुन्या चर्चच्या आवारात पुरत. अशा जागांना किलीन म्हणतात. ही रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. ‘लहान’ हा प्रत्यय मुळात वास्तूचा होता, पण हा अर्थ कळल्यावर तो शब्द मला सहज उच्चारता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आयरिशमध्ये जंगल या अर्थाचा आणखी एक शब्द आहे, आणि इंग्रजी लिखाणात तोही कधीकधी ‘किल’ किंवा ‘काइल’ होतो. कॉनेमारातलं काइलमोर म्हणजे ‘मोठं जंगल’, तिथे ‘मोठं चर्च’ असा अर्थ लावला तर फसगत होते. त्यामुळे इंग्रजी रूपावर विसंबू नये. तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर वरच्या ओळीत तिरप्या अक्षरांत आयरिश नाव असतं. आधी ते वाचावं आणि मगच व्युत्पत्ती सांगावी.