माल दुकानात उतरवला म्हणजे विक्री झाली, असे नाही

पांढरकवडा भागात कीटकनाशकांच्या विक्रीचे काम करताना वरिष्ठ रोज रात्री टार्गेटसाठी फोन करतात, तिमाही संपत आली की दुकानदाराला नको असलेला माल घ्यायला लावतात आणि आता वसुलीची हमी म्हणून तुमचाच सही केलेला कोरा चेक मागत आहेत, तेव्हा नोकरी सोडावी की टिकून राहावे, असे तुम्ही विचारले आहे. याच व्यवसायात यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चेक कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल, तर त्यावरील रक्कम दुसऱ्याने भरली तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. आधीच दिला असेल, तर तो कशासाठी घेतला गेला हे नमूद करून परत मागणारा ईमेल आजच पाठवा. बँकेला पैसे थांबवायला सांगितले म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचे जे कलम 138 आहे, त्यातून सुटका झाली, असे समजू नका.

आता वसुलीविषयी. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये घरात येते, कापसाची वेचणी त्याच सुमारास सुरू होऊन पुढे लांबते, आणि दुकानदाराची उधारी त्यानंतरच फिटते. तुमचे वरिष्ठ मात्र सहामाही 30 सप्टेंबरला संपते म्हणून पोळ्यापासूनच तगादा लावतात. घाटंजीकडच्या एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत मी आमच्या कंपनीची खोकी पाहिली आहेत. त्यांची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती आणि कंपनीच्या कागदावर मात्र तो सगळा माल विकला गेला होता. वसुलीचा विषय काढताच दुकानदाराने काही न बोलता उधारीची वही पुढे केली, आणि तिच्यात नावापुढे नाव, प्रत्येकापुढे ‘कापूस निघाल्यावर’ एवढेच लिहिलेले होते. अशा माणसाकडे दर आठवड्याला पैसे मागायला जाण्याने पैसे येत नाहीत, पुढच्या हंगामाचे दार तेवढे बंद होते.

अडकलेला माल शेवटी शेतकऱ्याच्याच पंपात जातो, ही मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती, पण ज्या मिश्रणाची शिफारस लेबलवर नाही ते खपवायला वरून कितीही दबाव आला तरी तुम्ही तोंडाने सुचवू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

वरिष्ठांनी चेकचा किंवा खोट्या बिलांचा आग्रह धरला, तर हंगामाची वाट न पाहता राजीनामा द्या. तसे नसेल, तर कापसाची वसुली होईपर्यंत थांबावे असे माझे मत आहे. कारण मधेच सोडलेल्या माणसाच्या नावावर परत आलेला माल, तोंडी कबूल केलेल्या स्कीम आणि न निघालेल्या क्रेडिट नोटा (कंपनीने दुकानदाराच्या खात्यात जमा द्यायच्या रकमेच्या चिठ्ठ्या) सगळ्या टाकल्या जातात. तोपर्यंत प्रत्येक दुकानदाराकडून शिल्लक रक्कम आणि शिल्लक माल यांची सही-शिक्क्यानिशी कबुली घ्या, तिचा फोटो कार्यालयाच्या ईमेलवर पाठवत जा, आणि फोनवर मिळालेला प्रत्येक आदेश ‘आपल्या सांगण्यानुसार’ असे लिहून त्याच दिवशी उलट कळवा. हे सुरू झाल्यावर रात्रीचे फोन बरेच कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी नोकरी शोधताना कंपनीच्या मुलाखतीआधी तुमच्याच ओळखीच्या दुकानदारांना विचारा की कोणाची क्रेडिट नोट वेळेवर येते आणि कोण न खपलेला माल कुरकुर न करता परत नेतो. पगाराचा आकडा त्यानंतर पाहा.